डोके, डोळे, कान, नाक, घसा : तपासणी क्रमाने कशी करावी

या तपासणीत खुणा निसटतात त्या बहुतेक तीन कारणांनी : उजेड अपुरा असतो, क्रम चुकलेला असतो, किंवा दुसरी बाजू पाहायची राहून जाते. नर्सिंगचे विद्यार्थी, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदा रुग्ण पाहणारे सगळे यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे. महागडे यंत्र नसले तरी यातला मोठा भाग करता येतो. उजेडाला मात्र पर्याय नाही.

आधीची मांडणी

लागणारे सामान असे : अरुंद पांढऱ्या झोताचा टॉर्च, जीभ दाबायच्या पट्ट्या, मोजपट्टी, दृष्टितक्ता, पिनहोल (बारीक छिद्राची चकती), ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (मारल्यावर एकच सूर देणारा धातूचा दुहेरी काटा), ओटोस्कोप (कानात पाहायचे दिव्याचे यंत्र), गॉज, कापसाच्या काड्या, ग्लोव्हज आणि मास्क. पिनहोल नसेल तर जाड काळ्या कागदाला सुमारे सव्वा मिलिमीटरचे छिद्र पाडून काम चालते. ओटोस्कोपची बॅटरी उतरली की झोत पिवळा पडतो आणि निरोगी कानाचा पडदाही पिवळसर दिसतो, म्हणून आधी झोत तळहातावर पाडून पाहा.

रुग्णाला खिडकीजवळ बसवा. तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीत हवेत, उभ्याने वाकून पाहिले की घशातली मागची बाजू दिसत नाही. पगडी, स्कार्फ, कानातले, कवळी आणि दृष्टी मोजून झाल्यावर चश्मा काढायला सांगा, पण काढण्याआधी का ते सांगा. हात रुग्णासमोर धुवा.

क्रम असा ठेवा : आधी नुसते पाहा, मग हात लावा, मग यंत्र घाला. दुखरा भाग शेवटी. एक कान दुखत असेल तर चांगला कान आधी तपासा. त्याने निरोगी पडदा कसा दिसतो हे कळते, संसर्ग दुसऱ्या कानात जात नाही आणि रुग्णाचा विश्वासही बसतो. लहान मुलांत कान आणि घसा सर्वांत शेवटी. एकदा मूल रडायला लागले की पुढचे काही धड दिसत नाही.

अपघाताचा रुग्ण असेल तर हा क्रम बाजूला ठेवा. मानेला इजा नाही याची खात्री होईपर्यंत मान वळवायची नाही, डोके उचलून पाहायचे नाही.

डोके आणि चेहरा

केस बोटांनी भाग पाडत पुढून मागे जा. कानामागे आणि मानेच्या केसांच्या रेषेत थांबा, कारण लिखा तिथे सर्वांत जास्त सापडतात. कोंडा बोटाने झटकला जातो, लीख केसाला चिकटून राहते, नखाने ओढावी लागते. केस गोल चकत्यांत गेले असतील तर त्वचा पाहा. ती गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर चाई. खपल्या आणि तुटलेल्या केसांचे खुंट असतील तर बुरशीचा संसर्ग, आणि त्याला फक्त वरून मलम लावून भागत नाही, तोंडाने औषध लागते. मग दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांनी कवटी चाचपा. मार लागला असेल तर खोलगट भाग सापडल्यावर तो दाबून खात्री करत बसू नका.

डोळ्यांभोवती दोन्हीकडे काळेनिळे वळ, किंवा कानामागच्या हाडावर निळा डाग, ही कवटीच्या तळाला तडा गेल्याची खूण असू शकते. कानामागचा डाग एक-दोन दिवसांनी उमटतो. पहिल्या तासात तो नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

बाळाच्या डोक्याचा घेर मोजताना न ताणणारी पट्टी भुवयांच्या वरून, कानांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मतः तो सुमारे ३४ सेंमी, तीन महिन्यांच्या सुमारास ४०, वर्षाच्या शेवटी ४५ ते ४६ असतो. एका मापापेक्षा वाढीच्या तक्त्यावरची रेष महत्त्वाची. आधीच्या रेषेवरून ती झपाट्याने वर चढली तर बाळाला पुढे पाठवा.

पुढची टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांत भरते, मागची पहिल्या दोन महिन्यांत. टाळू पाहताना बाळ शांत आणि बसते धरलेले हवे. रडताना किंवा आडवे असताना ती फुगलेली वाटते. शांत बाळाची टाळू फुगीर आणि ताठ असेल तर मेंदूवरचा दाब वाढलेला असू शकतो, खोल गेली असेल तर शरीरातले पाणी कमी झालेले असते. आपल्याकडे टाळूवर तेल भरायची रीत आहे आणि खोल गेलेल्या टाळूवर जास्त तेल घालून ती भरून येईल असे घरचे मानतात. अशा वेळी आजीशी वाद घालू नका. बाळ किती वेळा दूध प्यायले, लघवी किती वेळा झाली हे विचारा आणि क्षारसंजीवनी सुरू करा. वारंवार उलट्या होत असतील किंवा बाळ मलूल असेल तर लगेच रुग्णालयात.

चेहऱ्याची एक बाजू वाकडी दिसली तर तीन गोष्टी करायला सांगा : भुवया उंचवा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा. कपाळासकट संपूर्ण बाजू ढिली असेल तर दोष बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूत असतो. कपाळाला आठ्या पडतात पण तोंड ओढले जाते, तर मेंदूत झटका आल्याचा संशय घ्या, लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहा आणि ताबडतोब पाठवा. पन्नाशीपुढच्या माणसाला नवी डोकेदुखी असेल तर कानशिलावरची धमनी चाचपा. ती जाड आणि दुखरी लागली, चावताना जबडा भरून येत असेल, तर दृष्टी जाण्याचा धोका असतो आणि उपचार त्याच दिवशी सुरू व्हावे लागतात.

डोळे : पहिली मोजायची ती दृष्टी

टॉर्च मारण्याआधी दृष्टी मोजा. झोताने दिपलेला डोळा दोन-तीन मिनिटे नीट वाचत नाही आणि तुमची नोंद चुकते. अपवाद एकच : डोळ्यात रसायन गेले असेल तर आधी धुणे. ग्रामीण भागात याचे नेहमीचे कारण तंबाखूचा चुना. पुडी पिळताना तो लहान मुलाच्या डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे, तो आत आत झिरपत जातो. स्वच्छ पाण्याची किंवा सलाइनची धार लगेच सुरू करा, निदान ३० मिनिटे चालू ठेवा, वरची पापणी उलटवून चिकटलेले कण ओल्या कापसाच्या काडीने काढा आणि मग पाठवा.

तक्ता ६ मीटरवर टांगा आणि बसायची जागा फरशीवर रंगाने आखून ठेवा. अंदाजाने बसवले की आज ६/९ आणि उद्या ६/१८ येते (पहिला आकडा रुग्णाचे अंतर, दुसरा म्हणजे निरोगी डोळा तीच ओळ किती मीटरवरून वाचतो), आणि दृष्टी बिघडली की खुर्ची सरकली हे कळत नाही. आधी उजवा डोळा, मग डावा. दुसरा डोळा तळहाताच्या खोलगट भागाने झाकायला सांगा, बोटांनी नाही : फटींतून दिसते, आणि बोटांचा दाब पडला की नंतर त्या डोळ्याला धूसर दिसते. वाचता न येणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या ‘ई’चा तक्ता वापरा आणि हाताने दिशा दाखवायला सांगा. जवळचा चश्मा सोडून नेहमीचा चश्मा लावूनच मोजा आणि तसे लिहा.

६/६० चे अक्षरही दिसत नसेल तर ३ मीटरवर आणा. तरी नाही तर बोटे किती मीटरवरून मोजता येतात, मग हाताची हालचाल, मग उजेड कळतो का. ६/९ पेक्षा कमी असेल तर पिनहोलमधून पुन्हा वाचायला द्या. पिनहोलने ओळी वाढल्या तर बहुधा चश्म्याचा प्रश्न आहे. वाढल्या नाहीत तर मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा मज्जातंतूचा. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी रुग्णाची एक खेप वाचवते, म्हणून ती टाळू नका.

बाहुल्या अंधूक खोलीत पाहा. रुग्णाला दूर भिंतीकडे बघायला सांगा, कारण जवळ बघितले तरी बाहुली आकसते. टॉर्च समोरून नाही तर बाजूने आणा. उजेड पडलेल्या डोळ्याची बाहुली आकसते का, आणि त्याच वेळी दुसऱ्याचीही आकसते का, दोन्ही पाहा. मग झोत एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, पटकन दुसऱ्यावर दोन-तीन सेकंद, असे फिरवा. झोत आल्यावर एखादी बाहुली आकसण्याऐवजी मोठी होत असेल तर त्या बाजूच्या दृष्टीच्या मज्जातंतूत किंवा दृष्टिपटलात मोठा दोष आहे. दोन्ही बाहुल्यांत १ मिमीपर्यंतचा फरक निरोगी माणसांतही सापडतो. डोक्याला मार लागून गुंगी येत असताना एक बाहुली मोठी झाली तर तो आणीबाणीचा रुग्ण.

शेतकऱ्यात सुईच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडातून लाळ, घाम आणि छातीत घरघर दिसली तर फवारणीच्या औषधाची विषबाधा आधी मनात आणा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा रुग्णाचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुणे आणि अॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) सुरू करणे, दोन्ही लगेच करा, वेळ दवडू नका, आणि धुताना स्वतः ग्लोव्हज घाला. धोत्र्याच्या बियांनी उलटे होते : बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडे, चेहरा लाल, बडबड.

रक्त कमी आहे का हे पाहताना खालची पापणी पूर्ण खाली ओढा. पापणीच्या कडेजवळची पट्टी आणि मागचा भाग यांची तुलना करा. निरोगी माणसात पुढची पट्टी लाल आणि मागची फिकट असते. दोन्ही सारख्याच फिक्या असतील तर रक्तक्षय. तरीही पापणीवरून हिमोग्लोबिनचा आकडा सांगू नये, तो तपासूनच लिहावा. कावीळ दिवसाच्या उजेडातच शोधा, पिवळ्या दिव्याखाली ती लपते. रुग्णाला खाली बघायला सांगून वरची पापणी उचला आणि झाकलेला पांढरा भाग पाहा. सावळ्या वर्णाच्या आणि उन्हात राबणाऱ्या लोकांच्या डोळ्यांचा उघडा भाग एरवीही मळकट पिवळसर असतो, झाकलेला भाग पांढरा निघतो. कावीळ असेल तर तोही पिवळा असतो.

लहान मुलांत बुबुळाच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा पांढुरका डाग दिसला तर आईला संध्याकाळनंतर मूल चाचपडते का ते विचारा. अ जीवनसत्त्वाच्या ठरलेल्या मात्रा नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत नऊ आहेत : पहिली १ लाख, नंतर दर सहा महिन्यांनी २ लाख एकक. कार्डावर त्या आहेत का पाहा. बाळाच्या बाहुलीत टॉर्चने लालऐवजी पांढरी चमक दिसली, किंवा फोटोत एक डोळा पांढरा चमकतो असे आईने सांगितले, तर ते मनावर घ्या. तो डोळ्याचा कर्करोग असू शकतो आणि लवकर सापडला तर बाळाचा जीव वाचतो.

लाल डोळा म्हणजे प्रत्येक वेळी डोळे आलेले नसतात. डोळे येतात तेव्हा पापण्या चिकटतात, खुपते, पण चिपडे पुसल्यावर नीट दिसते, आणि लाली बुबुळापासून दूर जास्त असते. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी, खूप दुखणे, नजर कमी, उजेड सहन न होणे, बुबुळ धुरकट किंवा त्यावर पांढरा ठिपका, बाहुली अर्धवट मोठी आणि न हलणारी, यातले एकही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. काचबिंदूच्या तीव्र झटक्यात उलट्या इतक्या होतात की रुग्ण पोटाचा म्हणून दाखल होतो. स्टेरॉइडचे थेंब कुणालाही अंदाजाने देऊ नका. भाताचे तूस किंवा उसाचे पाते लागून झालेल्या बुरशीच्या जखमेत त्या थेंबांनी डोळा जातो.

कण खुपत असेल आणि खाली दिसत नसेल तर वरची पापणी उलटवा. रुग्णाला खाली बघायला सांगा, पापणीचे केस हलके धरून खाली-पुढे ओढा, कडेपासून साधारण १ सेंमी वर कापसाची काडी टेकवा आणि पापणी तिच्यावर उलटी करा. रुग्णाने वर बघितले की ती आपोआप सरळ होते. रुग्ण वर बघत असताना उलटवायचा प्रयत्न फसतो, आणि नवशिक्यांचा बहुतेक वेळा तिथेच फसतो. डोळ्यात काही घुसले असेल किंवा बाहुली पाण्याच्या थेंबासारखी लांबट ओढलेली दिसत असेल तर पापणीला हातही लावू नका. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकता वर बसवून चिकटपट्टी लावा आणि पाठवा.

डोळ्यांच्या हालचालीसाठी बोट ३० ते ४० सेंमीवर धरून मोठ्या ‘एच’च्या आकारात फिरवा, डोके न हलवता. तिरळेपणा शोधायला टॉर्चचा ठिपका दोन्ही बाहुल्यांवर सारख्याच जागी पडतो का पाहा. सहा महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरळा असेल तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबू नये, आळशी झालेला डोळा वय वाढल्यावर सुधारत नाही.

कान

कानामागची बाजू आधी पाहा, तीच सर्वांत जास्त राहून जाते. हाडावर सूज, लाली, दुखरेपणा आणि पाळी पुढे ढकललेली दिसली तर संसर्ग हाडात पोहोचला आहे. मग कान हलका ओढा आणि समोरचा उंचवटा दाबा. त्याने कळ आली तर दुखणे बहुधा बाहेरच्या नळीचे. पाळी ओढून काही होत नाही पण आत ठणकते, तर पडद्यामागचे.

ओटोस्कोप पेनसारखा धरा आणि त्याच हाताची करंगळी रुग्णाच्या गालावर टेकवा. रुग्णाने मान झटकली तर तुमचा हात बरोबर जातो, टोक आत खुपसत नाही. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढा, तीन वर्षांखालच्या मुलाचा खाली आणि मागे. नळीत बसेल तेवढे मोठे टोक निवडा. लहान टोकाने कमी दुखेल हा समज चुकीचा आहे : ते खोल जाते, आणि आतली हाडाची दोन तृतीयांश नळी हलक्या स्पर्शालाही कळवळते. केस असलेल्या बाहेरच्या भागातच थांबायचे.

निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी असतो. उजव्या कानात प्रकाशाचा त्रिकोण घड्याळातल्या पाच वाजण्याच्या जागी, डाव्यात सातच्या जागी दिसतो. फक्त लाली पाहून संसर्ग म्हणू नका, रडणाऱ्या मुलाचा पडदाही लाल होतो. पडदा बाहेर फुगलेला असणे ही खरी खूण. छिद्र दिसले तर ते मधोमध आहे की कडेला किंवा वरच्या टोकाला, हे लिहा. वरच्या टोकाचे छिद्र, पांढरे पापुद्रे आणि कुजका वास असेल तर हाड कुरतडणारा आजार आहे, तो थेंबांनी बरा होत नाही.

मळाने काही दिसत नसेल तर ‘दिसले नाही’ एवढेच लिहा. कान पाण्याने धुण्याआधी विचारा : कान कधी फुटला, वाहिला होता का? तसे असेल तर धुवायचे नाही. पाणी अंगाच्या तापमानाचे, सुमारे ३७ अंश हवे. थंड किंवा गरम असेल तर गरगरते. हरभरा, वाटाणा, चिंचोका असे काही अडकले असेल तर पाणी नको, ते फुगून घट्ट बसते. जिवंत किडा असेल आणि पडदा शाबूत असेल तर कोमट तेलाचे थेंब टाकून तो आधी मारा, मग काढा. बटणासारखी बॅटरी कानात किंवा नाकात असेल तर कोणतेही थेंब टाकू नका, काही तासांत ती आतले मांस जाळते. गरम तेल आणि लसूण कानात घालणे कायमचे थांबवायला सांगा.

ऐकू येते का हे पाहायला रुग्णाच्या मागे हातभर, सुमारे ६० सेंमीवर उभे राहा. ओठ दिसता कामा नयेत. दुसऱ्या कानासमोरचा उंचवटा बोटाने चोळत राहायला सांगा. श्वास पूर्ण सोडा आणि मग कुजबुजा : ‘चार, म, सात’. श्वास सोडला नाही तर कुजबुज मोठी होते. चुकले तर दुसरा संच सांगा. सहापैकी निदान तीन बरोबर आले पाहिजेत.

ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटू नका, भलतेच सूर निघतात. कोपरावर किंवा गुडघ्यावर मारा. दांडा कानामागच्या हाडावर घट्ट टेकवा, मग काटे नळीसमोर साधारण अडीच सेंमीवर धरा आणि कुठे मोठे वाटले ते विचारा. निरोगी कानात हवेतून मोठे ऐकू येते. हाडावर मोठे वाटले तर आवाज आत पोहोचण्यात अडथळा आहे : मळ, पाणी, पडद्याचे छिद्र. मग दांडा कपाळाच्या मधोमध ठेवा. अडथळ्याच्या बहिरेपणात आवाज खराब कानाकडे जातो, मज्जातंतूच्या बहिरेपणात चांगल्या कानाकडे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, कान आतून स्वच्छ आहे आणि आवाज चांगल्या कानाकडे जातो, तर मळ किंवा सर्दी म्हणून आठवडाभर थांबवू नका. उपचाराचे दिवस मोजके असतात. संपूर्ण बहिऱ्या कानात मात्र हाडाची चाचणी फसवते, कारण आवाज हाडातून पलीकडच्या चांगल्या कानात पोहोचतो.

नाक

नाकाखाली थंड स्टीलची पट्टी धरा. दोन्ही बाजूंना धुक्याचे ठसे सारखे उमटले तर वाट मोकळी. मग नाकाचा शेंडा अंगठ्याने वर करून टॉर्चने पाहा. बाजूच्या भिंतीवरून पुढे आलेला गुलाबी फुगवटा पाहून मांस वाढले असे सांगितले जाते, पण ती नाकाची नेहमीची रचना आहे. तिला काडी लावली की दुखते. खरा पॉलिप (वाढलेले मांस) फिकट, द्राक्षासारखा, हलणारा आणि न दुखणारा असतो.

नाकाला मार लागला की मधला पडदा दोन्ही बाजूंनी पाहा आणि कापसाच्या काडीने चाचपा. मऊ, लिबलिबीत, जांभळट फुगवटा म्हणजे आत रक्त साठले आहे. ते त्याच दिवशी काढावे लागते, नाहीतर आतली कूर्चा मरते आणि नाक मधोमध बसते. डोक्याला मार लागून नाकातून पाण्यासारखे येत असेल आणि पुढे वाकल्यावर वाढत असेल तर बोळा घालू नका, ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव म्हणजे आत काही अडकले आहे असेच धरून चाला.

घोळणा फुटला असेल तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे सलग दाबा, मध्ये सोडून पाहायचे नाही. डोके मागे केले की रक्त पोटात जाते आणि नंतर उलटी होते. मधुमेही रुग्णात नाकात काळी खपली, गाल बधिर, डोळा सुजलेला, टाळ्यावर (तोंडाच्या छतावर) काळा डाग किंवा हलणारे दात दिसले तर तासांचा हिशोब असतो. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) हे महाराष्ट्रात गावोगाव शिकवले, पण तो आजार त्याआधीही होता आणि आजही आहे.

तोंड आणि घसा

पट्टी घालण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : या मुलाला श्वास कठीण जातो आहे का? खूप ताप, लाळ गळते, पुढे झुकून हातांवर भार देऊन बसले आहे, श्वासाला घर्र आवाज आहे, तर घशात काहीही घालू नका, आडवे झोपवू नका. पट्टीच्या स्पर्शाने सुजलेली वाट पूर्ण बंद होऊ शकते. आईच्या मांडीवर बसवूनच, ऑक्सिजन जवळ ठेवून पाठवा.

तोंड किती उघडते हे आधी मोजा. रुग्णाची स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर सुपारी, गुटखा, खर्रा, मावा यांबद्दल विचारा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी ‘खाता का?’ असे विचारू नका, ‘दिवसाला किती पुड्या?’ असे साधेपणाने विचारा, उत्तर खरे मिळते. मिश्री लावणाऱ्या बायकांना ते व्यसन वाटत नाही, म्हणून ‘दात कशाने घासता?’ हेही विचारा.

ओठ उलटवा. गालांची आतली बाजू पट्टीने बाजूला करून पाहा. मग गॉजने जिभेचा शेंडा धरून ती आधी उजवीकडे, मग डावीकडे ओढा. जिभेच्या मागच्या कडा आणि तोंडाचा तळ या दोन जागी कर्करोग लपतो, आणि जीभ बाहेर काढायला सांगून त्या दिसत नाहीत. ग्लोव्हज घालून एक बोट आत, दुसरा हात हनुवटीखाली, असा तळ चाचपा. घासून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), गालात ताठ पांढऱ्या पट्ट्या, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, हे सगळे पुढे पाठवायचे. व्रणाला लागून टोकदार दात असेल तर दात काढून किंवा घासून घेऊन दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. तेव्हाही व्रण असेल तर तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे.

घसा पाहताना पट्टी जिभेच्या मधल्या तृतीयांशावर ठेवा. पुढे ठेवली तर मागची जीभ उलट वर येते, फार मागे गेली तर उमासा येतो. मध्यरेषेत न दाबता एका वेळी एका बाजूने दाबा आणि रुग्णाला तोंडाने धापा टाकायला सांगा. ‘आ’ म्हणताना पडजीभ सरळ वर जाते का पाहा. टॉन्सिल किती जागा अडवतात ते चार पायऱ्यांत लिहा : पाव, अर्ध्यापर्यंत, पाऊण, त्याहून जास्त. टॉन्सिल नुसते मोठे असणे हा आजार नाही, शाळकरी वयात ते मोठेच असतात. एका बाजूचा टाळा फुगून पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली, तोंड उघडत नाही, आवाज घोगरा-भरलेला, तर आत पू साठला आहे.

राखाडी, घट्ट चिकटलेला पडदा टॉन्सिलच्या बाहेर पडजिभेपर्यंत पसरलेला दिसला आणि मान बैलासारखी सुजली असेल तर घटसर्प. पडदा खरवडू नका, रक्त येते आणि सुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. लसीचे कार्ड पाहा, मास्क लावा, वरिष्ठांना तातडीने कळवा.

मान

रुग्णाच्या मागे उभे राहा. दोन्ही हातांनी एकाच वेळी, बोटांच्या पेरांनी लहान गोल फिरवत जा : कानापुढे, कानामागे, डोक्याच्या तळाशी, जबड्याच्या कोनाखाली, जबड्याखाली, हनुवटीखाली, मानेच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने, शेवटी गळपट्टीच्या हाडावर. त्या जागी रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा, लपलेली गाठ वर येते. १ सेंमीपेक्षा मोठी, टणक, न हलणारी, न दुखणारी गाठ जपून पाहा. गळपट्टीच्या हाडावरची गाठ कितीही लहान असली तरी पुढे पाठवा. एकमेकींना चिकटलेल्या, लाली आणि उष्णता नसलेल्या, मऊ पडत जाणाऱ्या गाठी आपल्याकडे बहुतेक वेळा क्षयाच्या असतात. सुईने पाणी काढून तपासणीला पाठवा, चीर देऊन ठेवू नका, ती जखम महिनोन्‌महिने वाहते.

कंठाच्या खालची ग्रंथी पाहायला पाण्याचा घोट द्या. गिळताना गाठ वर सरकली तर ती थायरॉइडची. जीभ बाहेर काढल्यावरही सरकली तर जन्मजात गाठीचा विचार करा. दोन्ही बाजूंच्या मानेच्या धमन्या एकाच वेळी दाबू नका, चक्कर येते.

नोंद

निदान लिहिण्याआधी दिसले ते लिहा. ‘घसा खराब’ यावरून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. असे लिहा : ‘उजवा टॉन्सिल अर्ध्यापर्यंत, पांढरे ठिपके, डावा पाव, पडजीभ मधोमध, तोंड तीन बोटे, उजव्या जबड्याखाली १.५ सेंमी, दुखरी, हलणारी गाठ.’ डोळ्यासाठी दोन्ही डोळ्यांचे आकडे, चश्म्यासह की शिवाय, पिनहोलचा आकडा. न सापडलेल्या महत्त्वाच्या खुणाही लिहा : ‘कानामागे सूज नाही’, ‘बाहुल्या सारख्या, ३ मिमी, आकसतात.’ उद्या सूज आली तर ती नवी आहे हे याच ओळीवरून कळते. प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ द्या, आणि उजवा-डावा हे शब्द पूर्ण लिहा. घाईत लिहिलेल्या एका अक्षरावर चुकीच्या कानात थेंब गेले आहेत.